एक मिनिटही नाही

"अभिनंदन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही झोपता."

त्याला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद यांच्यासमोर आलाय. होतं असं कधीकधी. त्याच्या दुकानातही एकाचा चष्मा दुसऱ्याच्या डबीत जातो आणि गिऱ्हाईक दोन दिवस जमीन वर आल्यासारखी पावलं टाकत फिरतं. म्हणून त्याने टेबलावर वाकून कागदाच्या माथ्यावरचं नाव वाचलं. नाव त्याचंच होतं. वय एक्कावन्न, तक्रार: आठ वर्षं झोप नाही. त्याच्याखाली जिन्यासारखी एक रेघ काढलेली होती. पायऱ्या उतरून ती तळाला जात होती, तिथे बराच वेळ रेंगाळून पुन्हा वर येत होती. डॉक्टरबाई पेनाच्या टोकाने त्या जिन्यावरून खाली उतरल्या. "सहा तास बावीस मिनिटं. त्यातली गाढ झोप तासाच्या वर. स्वप्नांची झोप चार वेळा. अहो, मला मिळत नाही एवढी." मग त्यांनी दुसरा कागद वर ओढला. तपासणीच्या सकाळी, डोक्याला वायरी तशाच चिकटलेल्या असताना, त्याने भरून दिलेला. 'रात्री अंदाजे किती वेळ झोप लागली?' या प्रश्नापुढे त्याचं ठसठशीत अक्षर होतं: एक मिनिटही नाही. लिहिताना त्याला जरा अभिमान वाटला होता हे त्याला आत्ता, नेमकं आत्ता आठवलं.

"मी खोटं लिहिलेलं नाही," तो म्हणाला. आवाज जरा चढलाच. डॉक्टरबाई समजूतदार होत्या, किंवा अशी माणसं त्यांना रोज भेटत असावीत. "खोटं कोण म्हणतंय? असे पुष्कळ लोक असतात. झोप लागते, पण मन तिची नोंद जागेपणाची करतं. काहींना तर स्वप्नही हेच पडतं, की आपण आपल्या अंथरुणात जागे पडलोय. तीच खोली, तेच छत. सकाळी त्यांना रात्रभर जागल्याचं आठवतं. आठवण अगदी खरी असते. फक्त ते घडलेलं नसतं." तो म्हणाला, मला सगळं ऐकू येत होतं. बाहेर कुणीतरी स्टीलचं भांडं पाडलं. एसीचा आवाज थांबत होता, सुरू होत होता. शेवटचा माणूस जिना उतरून गेल्यापासून सकाळी झाडू लागेपर्यंत दारातून कुणी आत आलं नाही. हे त्याने साक्षीदारासारखं एकेक बोट दुमडत सांगितलं. डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, सुस्कारा टाकला, आणि ज्या मुलीने त्याच्या डोक्याला एकोणीस वायरी चिकटवल्या होत्या तिला हाक मारली. "यांना जरा व्हिडिओ दाखव गं."

पडद्यावर राखाडी उजेडात एक माणूस उताणा पडला होता. त्याचं तोंड उघडं होतं. आपलं तोंड झोपेत इतकं उघडं राहतं हे जगातल्या किती माणसांना माहीत असतं? ज्यांना सांगणारं कुणी शेजारी असतं त्यांना. मुलीने चित्र पुढे पळवलं आणि एका जागी थांबवलं. दोन वाजून चाळीस मिनिटं. दार उघडलं, ती स्वतःच आत आली, वाकली. "काका," ती पडद्यावर म्हणाली, "एक वायर निघालीय. काका? अहो काका!" माणूस हलला नाही. तिने वायर पुन्हा चिकटवली, ती नीट बसावी म्हणून तळहात त्याच्या कपाळावर धरून ठेवला, बराच वेळ धरला, मग पायावरची चादर सारखी केली आणि गेली. "बघा ना," शेजारी उभी असलेली खरी मुलगी हसून म्हणाली, "मी केवढ्याने हाक मारली, तुम्ही ढिम्म!" तो हसला. हसायलाच हवं होतं. पण मनात आधी आलं ते निराळंच. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्याच्या कपाळावर हात ठेवला होता, आणि त्या वेळी तो घरी नव्हता, असं काहीतरी.

रस्त्यावर उन्हं तापली होती आणि सगळं नेहमीच्या जागी होतं, याची त्याला थोडी चीडच आली. फुटपाथवर वेताच्या खुर्च्या विणणारा खुर्च्या विणत होता. बँकेच्या पायऱ्यांवर दोन शिपाई उगाच उभे होते. त्याच्या हातात फाइल होती आणि आत आनंदाची बातमी. एखाद्याला सांगितलं असतं तर त्याने पेढेच मागितले असते. पण त्याला वाटत होतं की आपल्याला कुणीतरी भर दिवसा लुबाडलंय, आणि तक्रार कुठे नोंदवावी हे कळत नाहीये. कारण त्याच्याजवळ दुसरं होतं काय? लग्न राहून गेलं. ठरवून नाही, पुढची गाडी पकडू म्हणता म्हणता. मित्र होते ते पोराबाळांत बुडाले. दोन खोल्यांत तो होता आणि त्याचं जागरण होतं. लोक माणसाला कशावरून तरी ओळखतात, त्याला यावरून ओळखत. दुकानात त्याला घुबड म्हणत, तेही लाडाने. इमारतीतल्या बायका सकाळी जिन्यात भेटल्या की विचारत, "भाऊजी, काल रात्री वरच्या मजल्यावर एवढा आरडाओरडा कसला हो?" आणि तो सांगे. म्हणजे आरडाओरडा झालाच नाही असंही कधी ठामपणे सांगे, आणि त्या बिचाऱ्या मान डोलवून जात. रात्रभर जागणाऱ्या माणसाच्या शब्दाला वजन असतं. एकदा जिन्याखालून सायकल गेली तेव्हा सगळे त्याच्याच दारात आले होते. बाहेरचं कुणी आलं नाही, फाटक वाजलं नाही, मी जागा होतो, असं त्याने सांगितलं. मग चोर घरातलाच, असा निवाडा झाला, आणि तळमजल्यावरचा पोटभाडेकरू, जाड भिंगाचा एक अबोल गृहस्थ, आठवड्याभरात खोली सोडून गेला. जाताना त्याने याला नमस्कारही केला होता. आता चौकात सिग्नल सुटला तरी तो त्या नमस्कारापाशीच उभा राहिला.

दुकानात शिरल्या शिरल्या मालकांनी विचारलं, "काय घुबडराव, काय निघालं?" चष्म्याच्या दुकानाचे मालक, पण स्वतः चष्मा लावत नसत, आणि त्यामुळे सगळ्यांकडे डोळे बारीक करून संशयाने पाहिल्यासारखे बघत. झोपतो म्हणे मी, त्याने सांगितलं. मालक आधी बघतच राहिले, मग टाळी देण्यासाठी हात पुढे करून हास्याचा गडगडाट केला. "म्हणजे आठ वर्षं आम्ही तुझी कीव उगाचच केली म्हण की! अरे, सकाळी उशीर झाला तर बोललो नाही तुला." काउंटरवरची बाईही हसली. तोही हसला. मागच्या खोलीत जाऊन त्याने अंगावर एप्रन चढवला आणि चाक सुरू केलं.

मागची खोली त्याची होती. तीन पावलं रुंद, वर एक जाळीची खिडकी, मध्ये भिंग घासायचं चाक, त्यावर थेंब थेंब पडणारं पाणी. आधी भिंग नंबर पाहायच्या यंत्राखाली धरायचं, हिरवी फुली नेमकी मध्यावर आणायची, शाईचे तीन ठिपके द्यायचे, मग कड घासत फ्रेमच्या मापाला आणायची. ठिपका केसभर सरकला तरी माणसाला दिवसभर डोकं दुखतं आणि का ते कळत नाही. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चाकाच्या आवाजात विचार करायला बरं वाटे, कारण विचार ऐकू येत नसत, नुसते सरकत. पण आज पहिलंच भिंग चाकाला लावलं आणि त्या आवाजातून ती मुलगी पुन्हा वाकली. काका. काका? अहो काका! तिने तीनदा हाक मारली आणि तो हलला नाही. आणि तीच रात्र त्याच्या आठवणीत अजूनही धडधडीत होती, एकसंध, कुठे शिवण नाही. त्या रात्रीत दार उघडलेलंच नव्हतं. मग, त्याच्या मनात आलं, आणि ते इतकं हळू आलं की चाक तसंच फिरत राहिलं, मग बाबांनी?

आठ वर्षांपूर्वीची ती रात्र त्याची सगळ्यात जास्त हाताळलेली वस्तू होती. बाबा दीड महिना अंथरुणावर होते. टपाल कचेरीत छत्तीस वर्षं पत्रं गावागावाप्रमाणे वेगळी करणारा माणूस, शेवटी शेवटी चादरीवरून बोटं फिरवत बसायचा, जणू अजून थोडं टपाल उरलंय. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आता दिवसांचा प्रश्न आहे, कुणीतरी जवळ जागं असलेलं बरं. कुणीतरी म्हणजे तोच. आई आधीच गेलेली, आणि बहीण, छोटी, दुसऱ्या शहरात, अकरा तासांच्या वाटेवर, आठवा महिना, हलायचं नाही अशी ताकीद. त्याने कॉटशेजारी खुर्ची ओढली आणि बसला. त्या रात्री तो रात्रभर बसला होता. फ्रिज सुरू व्हायचा, थरथरून बंद व्हायचा. वरच्या मजल्यावर नळ ठिबकत होता. बाबांचा श्वास येत होता, जात होता, आणि तो त्या श्वासावर डोळे लावून होता. उजाडता उजाडता त्याने पडदा सारला आणि वळून पाहिलं तर श्वास नव्हता. इतकं शांत. त्याने छोटीला फोन केला. तिने विचारलं, "काही बोलले का रे? कुणाला हाक मारली का?" आणि त्याने सांगितलं, "नाही गं. मी रात्रभर जागा होतो ना. शांतपणे गेले. हाकसुद्धा मारली नाही." त्या क्षणी त्याच्याजवळ तिला द्यायला दुसरं काही नव्हतं. पुढे दर वर्षी त्या तारखेला, आणि मधूनच एरवीही, ती तोच प्रश्न विचारी. काहीच बोलले नाहीत का रे? आणि तो वेळच्या वेळी औषधाचा चमचा द्यावा तसं तेच उत्तर देई. नाही गं. मी जागा होतो.

आणि बाबांची हाक! ती ऐकू आली नाही असं होणं शक्यच नव्हतं, हाच तर त्याचा आधार होता. बाबा हाक एकदाच मारत. दुसरी हाक म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटे. लहानपणी खाली पोरं खेळत असली की इतरांचे आईबाप गच्चीतून तासभर नावं घेत उभे राहत. बाबा एकदा कठड्यापाशी येत, एकदा हाक मारत आणि आत जात. पहिल्या हाकेला घरात आलात तर ठीक, नाही तर ताटावर झाकण पडलेलं असे आणि ते काढायची आईचीही छाती नव्हती. छोटी कितीदा तरी झाकणाखालचं गार जेवण जेवली. ती लाडकी होती, तिला चालून जाई, ती बाबांच्या गळ्यात पडून मोकळी होई. हा मात्र खेळताना अर्धा कान वरच ठेवी. हाक ऐकू यायच्या आधीच, बाबांनी कठड्यावर हात ठेवला की हा पळत सुटे. पोरं चिडवत. पण पहिल्या हाकेला ओ देणारा मुलगा, ही त्याने घरात मिळवलेली एकमेव जागा होती, आणि खरं सांगायचं तर पुढच्या आयुष्यातही त्याने याच्यापलीकडे फारसं काही मिळवलं नाही.

त्याने चाक बंद केलं. भिंगाची कड नीट उतरली होती, हातांना मन लागत नाही. स्टुलावर बसून त्याने ती रात्र पुन्हा काढली, आणि या खेपेला हाताळली नाही, तपासली. गिऱ्हाईकाने परत आणलेला चष्मा तपासावा तशी, चूक आहे असं धरून. खुर्ची. होती. खुर्ची अजूनही घरात आहे. कॉट, तिचा लोखंडी कठडा, त्यावर टाकलेला टॉवेल. होता. उशाशी स्टूल, पाण्याचं भांडं. होतं. खिडकी, पडदा, रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा पट्टा. पट्टा खिडकीखाली आईच्या शिवणयंत्रावर पडलेला, आणि यंत्राच्या झाकणावर बाबांचा चष्मा, दांड्या मिटलेला. तो चष्मा त्याने स्वतः बनवला होता. त्या रात्री त्याने त्याच्याकडे कितीदा तरी पाहिलं होतं, डाव्या भिंगावरचा ओरखडा त्या पिवळ्या उजेडात चमकत होता, हे त्याला लख्ख आठवत होतं. पिवळा पट्टा, यंत्र, चष्मा. त्याने पुढे जायला घेतलं आणि पाऊल अडखळलं. यंत्र. आईचं शिवणयंत्र छोटीकडे होतं. आई गेली त्या वर्षी छोटीने ते मागून घेतलं होतं, त्याने स्वतः ते पोत्यात शिवून मालमोटारीत चढवलं होतं, पाठीत उसण भरली होती. म्हणजे बाबा गेले त्याच्या दोन वर्षं आधी. त्या रात्री खिडकीखाली यंत्र नव्हतं. तिथे औषधांचं खोकं होतं.

त्याने घाईघाईने मनात यंत्र उचललं आणि त्या जागी खोकं ठेवून पाहिलं. बसेना. खोक्यावर चष्मा कधी ठेवलेला आठवेना, पट्टा खोक्यावर पडलेला आठवेना. यंत्र मात्र त्याच्या काळ्या अंगासकट, सोनेरी वेलबुट्टीसकट तिथे होतं, आणि त्याच्यासमोर खुर्चीत तो जागा होता. जागं राहण्याचं स्वप्न बघत होता. आईच्या वेळचं घर मनाने तसंच मांडून दिलं होतं, आणि त्या घरात तो आज्ञाधारकपणे बापाच्या श्वासावर डोळे लावून बसला होता, आणि खऱ्या खोलीत, खऱ्या खुर्चीत, तोंड उघडं टाकून झोपला होता. किती वेळ, देव जाणे. जिन्यासारखी ती रेघ त्याच्या डोळ्यांपुढे आली. तळाशी जाऊन ती बराच वेळ रेंगाळते.

आणि मग ती दुसरी गोष्ट, जी त्याने कुणालाही सांगितली नव्हती, स्वतःलाही पुरती नाही, ती आपण होऊन पुढे आली. सकाळी त्याने पडदा सारून वळून पाहिलं तेव्हा बाबांचा उजवा पाय चादरीबाहेर होता. नुसता बाहेर नाही, खाली. तळवा फरशीला टेकलेला. दीड महिना त्या पायाने जमीन पाहिली नव्हती. त्याने तेव्हा काही विचार केला नाही. वाकला, पाय दोन्ही हातांनी उचलला, गादीवर ठेवला, चादर ओढली. त्यानंतर फोन केला. झोपेत पाय सरकला असेल, असं एकदा म्हणून त्याने तो विषय मिटवला होता. पण निजलेल्या माणसाचा पाय लोंबतो. तळवा सपाट टेकत नाही. तळवा टेकतो तो उठू बघणाऱ्याचा. बाबांनी हाक मारली असणार. एकदाच. आणि ओ आली नाही तेव्हा, दुसरी हाक त्यांच्या रक्तात नव्हती म्हणून, स्वतःच उठून शेजारच्या खुर्चीत झोपलेल्या मुलापर्यंत यायला निघाले असणार. अंतर दोन हातांचं होतं.

हे एवढं ढळढळीत झाल्यावर त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याच्या लक्षात आलं की आठ वर्षं तो जे जागत होता, किंवा जागतोय असं समजत होता, ते त्या एका रात्रीचंच होतं. रोज रात्री तो तीच खुर्ची ओढून बसत होता, या खेपेला तरी डोळा लागू नये म्हणून. आणि रोज रात्री लागत होता. पुढच्या खोलीत एक म्हातारं गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होतं, चुकत होतं, आणि काउंटरवरची बाई "छान, छान" म्हणत होती. त्याने घड्याळ पाहिलं. पावणेचार. चार वाजता शाळा सुटली की छोटी फोन करणार होती. ही तपासणी तिनेच त्याच्या मागे लागून करायला लावली होती. ती शिक्षिका, एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की फळा भरेपर्यंत थांबायची नाही. ती विचारेल, काय आलं? आणि झोपतो म्हटलं की तिला पुढचं गणित करायला किती वेळ लागणार? तिच्यापाशी बापाचं एवढंच उरलंय, की तो शांत गेला आणि शेजारी भाऊ जागा होता. एका वाक्यात ते तिच्या हातून काढून घ्यायचं. नाही तर सांगायचं, रिपोर्टमध्ये झोप न येण्याचाच आजार निघाला, गोळ्या दिल्यात. तिला समाधान. आजवर सांगितलं ते तरी तो खरं समजून सांगत होता. आजपासून मात्र ते जाणूनबुजून सांगावं लागेल, दर वर्षी, त्या तारखेला.

त्याने पाण्याने चेहरा धुतला. एप्रनला पुसला. चारला पाच मिनिटं असतानाच फोन वाजला.

"काय आलं रे रिपोर्टमध्ये?" मागे पोरांचा गलका होता, बाकं सरकवल्याचे आवाज.

"नॉर्मल आहे."

"नॉर्मल म्हणजे? मास्तरणीला गुंडाळू नकोस. नीट सांग."

"झोपतो म्हणे मी."

"कोण म्हणे?"

"मशीन म्हणे. सहा तास बावीस मिनिटं. आणि मला वाटतं की मी जागा आहे. असा प्रकार असतो म्हणे. तिथल्या मुलीने मला तीनदा हाक मारली, व्हिडिओत आहे. मला पत्ताच नाही."

"अगं बाई!" ती हसायला लागली. "म्हणजे तू आठ वर्षं..." आणि हसू मध्येच थांबलं. ते कुठे थांबलं ते त्याला नेमकं कळलं. गलक्यात कुणीतरी बाई, बाई करत तिला काहीतरी विचारलं, तिने त्या मुलीला "थांब जरा" म्हटलं, आणि चालत कुठेतरी दूर गेली असावी, कारण आवाज कमी झाले.

"दादा."

"हं."

"त्या रात्रीपण?"

अजून वेळ होता. नाही गं, त्या रात्री जागा होतो, एवढंच म्हणायचं होतं, जिभेला ते पाठ होतं. त्याने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "झोपलो होतो मी, छोटे. तुला खोटं नव्हतो सांगत, मला खरंच वाटत होतं मी जागा आहे. पण झोपलो होतो. सकाळी त्यांचा एक पाय खाली टेकलेला होता. उठायला बघत होते. तो मी उचलून वर ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. ती रडेल, ती बोलेल, कसा झोपलास रे, असं म्हणेल. खरं तर तिने तसं म्हणावं असंच त्याला वाटत होतं. या जगात त्याला तसं म्हणू शकणारं एकच माणूस होतं, आणि ते फोनवर होतं. कुणीतरी बोल लावला की निदान ते ओझं वाहायला दोघं होतात.

"म्हणजे," ती अगदी हळू म्हणाली, "हाक मारली असेल त्यांनी."

"असेल."

"मारलीच असेल रे! पाय खाली टाकला म्हणजे काहीतरी मनात होतं. कुणीतरी हवं होतं त्यांना." आणि तिचा आवाज एकदम फुटला, पण तो त्याने तयारी करून ठेवलेल्या आवाजासारखा नव्हता. "दादा, तुला माहितीये, आठ वर्षं मला काय वाटतं? की बाबा गेले आणि जाताना त्यांना आपल्यापैकी कुणाचीच आठवण झाली नाही. हाकसुद्धा मारली नाही, असं तू म्हणायचास ना, ते इतकं लागायचं. मी आपली दर वर्षी विचारायची, म्हटलं याला कधीतरी काही आठवेल, एखादा शब्द. पण तू एकच. मी जागा होतो, मी जागा होतो. तुझ्यापुढे काय बोलणार? तू जागा होतास."

चाकावरचं पाणी बंद करायचं राहून गेलं होतं, ते ठिबकत होतं.

"माझं नाव घेतलं असेल का रे?" ती विचारत होती, नाक ओढत, शाळेच्या कुठल्यातरी व्हरांड्यात उभी राहून, त्रेचाळीस वर्षांची. "माझे दिवस भरत आले होते, त्यांना सारखी काळजी लागलेली. मलाच हाक मारली असेल. हो ना?"

"हो," तो म्हणाला. "तुलाच मारली असेल."

"बरं झालं तू सांगितलंस. किती बरं झालं, तुला कल्पना नाही. घरी गेल्यावर यांना सांगते." ती हसत होती, रडत होती. "आज निवांत झोप हं दादा. झोपतोयस असं समजून झोप."

फोन बंद झाला. तिच्यासाठी त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिला काहीतरी देऊ शकला होता. ते देऊन झाल्यावर आपल्याकडे काय उरलं ते बघायला तो स्टुलावर बसला. बाबांनी नाव कुणाचंही घेतलं असो. खोलीत तो एकटाच होता, आणि उठायचं त्यालाच होतं.